हातपाय गार पडले होते

आमच्या घरात एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं. आजी ते कधीही बोलते. भाजी निवडताना, टीव्हीवर कुणाचं लहान मूल रडताना दिसलं तर, पहिला पाऊस पडून मातीचा वास आला तर. "त्याचे हातपाय गार पडले व्हते." एवढंच. मग ती पुन्हा कामाला लागते.

तो म्हणजे तिचा पहिला मुलगा, माझा मोठा काका. मी त्याला पाहिलेलं नाही, त्याचा फोटोही नाही. १९७४ च्या उन्हाळ्यात, सात वर्षांचा असताना, तो जऊळक्याच्या आमच्या घरात गेला. संध्याकाळी सरपणाच्या ढिगातून लाकूड ओढताना त्याला विंचू चावला आणि पहाटेपर्यंत सगळं संपलं. तेव्हा आमचा भाग अकोला जिल्ह्यात होता, वाशिम जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडायचं होतं. अकोल्याला जायचं तर छोट्या लाईनची गाडी, आणि ती सकाळी. गाडी यायच्या आधीच तो गेला.

आजी रात्रभर त्याच्या तळपायाला सुंठ चोळत होती. पाय गरम होत नव्हते.

मी डॉक्टर नाही. जुन्या गोष्टी शोधत बसायची सवय आहे, एवढंच. काही वर्षांपूर्वी अकोल्याहून गावी येताना रेल्वेत मोबाईलवर एक जुना शोधनिबंध वाचत होतो. 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात १९८२ साली आलेला. लेखक डॉ. हिंमतराव बावस्कर. विषय लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर होणाऱ्या परिणामांची आधीच दिसणारी लक्षणं. त्या लक्षणांच्या यादीत हातपाय गार पडणं होतं. जऊळका स्टेशन आलं तेव्हा मी फोन बंद केला, पण उतरायचं भान यायला जरा वेळ लागला.

०००

हृदय तपासायचं म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे यंत्रं येतात. ईसीजीची नागमोडी रेघ, टू-डी इको, अँजिओग्राफी. मनगटावरचं घड्याळसुद्धा आता नाडी मोजतं. पण हृदय आणि रक्तवाहिन्यांबद्दल माणसाला जे कळत गेलं, त्यातलं बरंचसं हात, डोळे आणि कान यांनी कळलं आहे.

आपल्याकडे नाडीपरीक्षा फार प्राचीन मानली जाते. पण चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत ती पुढच्या काळासारखी सविस्तर नाही. ती स्पष्टपणे भेटते शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात. अंगठ्याच्या मुळाशी बोटं ठेवायची आणि चाल ओळखायची. वाताची नाडी जळू किंवा सापासारखी, पित्ताची कावळा किंवा बेडकासारखी, कफाची हंस किंवा पारव्यासारखी. आज हे वाचताना हसू येईल, पण त्या वैद्याची अडचण समजून घ्या. सेकंद मोजायला हातात घड्याळ नाही. बोटाखाली जे जाणवतंय ते शिष्याला सांगायचं कसं? मग शिष्याने रोज पाहिलेल्या प्राण्यांची चाल उसनी घ्यायची.

युरोपात हीच अडचण वेगळ्या वाटेने सुटत गेली. लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने १७६१ साली छातीवर बोटांनी ठोकून आतलं ओळखायची रीत पुस्तकात मांडली. पोकळ जागा वेगळी वाजते, पाणी भरलेली वेगळी. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रेने लायनेक याच्यापुढे हृदयाची तक्रार असलेली एक तरुणी आली. तिच्या छातीला कान लावणं त्याला प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. ठोके नुसत्या कानापेक्षा स्पष्ट ऐकू आले. स्टेथोस्कोपचा जन्म असा संकोचातून झाला. १९०५ मध्ये निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने दंडावर पट्टा बांधून, हवा सोडत, खालच्या धमनीवर स्टेथोस्कोप ठेवला. आवाज सुरू होतो तो वरचा आकडा, थांबतो तो खालचा. दवाखान्यात हाताला पट्टा बांधून बी.पी. बघतात ते अजून याच रीतीने.

मुंबईत ही विद्या चांगली रुजली. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे रुग्णांवर तपासून १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडलं. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच वकिलांनी डॉ. अस्पी गोलवाला यांच्याबरोबर रुग्ण तपासायचा कसा, यावर विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिलं. नाडी कशी पाहायची, मानेच्या शिरांकडे कसं बघायचं, छातीवर हात कुठे ठेवायचा, काय ऐकायचं.

ही पुस्तकं वाचून डॉक्टर झालेली मुलं मग प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमली जात. तिथे ईसीजी नसे, कधी वीजही नसे. बरोबर असायचा तो स्टेथोस्कोप, बी.पी.चा पट्टा आणि आपला हात.

०००

हिंमतराव बावस्कर हे त्यांतलेच. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, शेतकरी घरातले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाले आणि १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'बॅरिस्टरचं कार्टं'.

कोकणात लाल विंचू फार. भाताच्या पेंढ्यात, दगडांच्या फटीत, छपरात. दंश झालेली माणसं रात्रीबेरात्री आणली जात आणि त्यांतली काही डोळ्यांदेखत जात. विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी होतं, हे १९६१ साली डॉ. मुंडले यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये नोंदवलं होतं. पण ते होतं कसं आणि थांबवायचं कसं, याचं उत्तर एका बिरवाडीच्या डॉक्टरला पुस्तकात सापडत नव्हतं.

मग बावस्कर रुग्णाच्या खाटेशी बसू लागले. नाडी किती, रक्तदाब किती, घाम आहे का, उलटी झाली का, हातपाय कसे आहेत, छातीत काय ऐकू येतं, सगळं पुन्हापुन्हा बघायचं आणि लिहून ठेवायचं. अशा शेकडो रात्रींच्या नोंदींतून एक क्रम दिसू लागला.

लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं. तंतू थांबायचं नाव घेत नाहीत आणि शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. उलट्या होतात, घाम फुटतो. रक्तवाहिन्या आवळतात. त्वचेखालच्या वाहिन्या मिटल्या की रक्त हातापायांत पोचत नाही, म्हणून ते गार लागतात. त्याच वेळी रक्तदाब वाढतो. हृदयाला बंद दारावर धडका द्याव्या लागतात. काही तासांत ते थकतं. स्टेथोस्कोपमधून दोनच्या जागी तीन ठोके ऐकू येतात, घोड्याच्या टापांसारखे. मग फुप्फुसांच्या तळाशी बारीक बुडबुडे फुटल्यासारखा आवाज. तोंडाला गुलाबी फेस. नंतर रक्तदाब कोसळतो.

यातली एक गोष्ट वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. दंशाच्या जागी आगडोंब उसळलेला, माणूस ओरडतोय, पण घाम नाही, उलटी नाही, हातपाय गरम आहेत, असा दंश बावस्करांच्या वर्गवारीत सौम्य. काळजी करायची ती घामाने भिजलेल्या, गार पडलेल्या रुग्णाची. त्याला वेदना फारशी नसेलही.

म्हणजे ओरडणाऱ्यापेक्षा गप्प झालेलं मूल जास्त धोक्यात असू शकतं.

आमच्या घरी त्या रात्री विंचू उतरवणारा आला होता. त्याने मंत्र टाकला आणि काका रडायचा थांबला. आजी नेहमी सांगते, "रडनं थांबलं त म्या म्हटलं, उतरला." घरात सगळ्यांना हायसं वाटलं, कुणीतरी चहासुद्धा ठेवला. मंत्र टाकणाऱ्याची लबाडी होती असं मला वाटत नाही. बऱ्याच विंचूदंशांत दुखणं आपोआप ओसरतं, म्हणून त्याचाही त्यावर विश्वास होता.

०००

क्रम कळला तसा उपायही त्यातूनच सुचला. वाहिन्या आवळल्या असतील तर त्या सैल करायला हव्यात. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. ते शिरेतून थेंबथेंब द्यावं लागतं आणि डोळ्यांत तेल घालून रक्तदाब बघत बसावं लागतं. खेड्यातल्या दवाखान्यात ते कठीण. मग त्यांनी प्राझोसिनकडे मोर्चा वळवला. ही रक्तदाबावरची गोळी. स्वस्त, तोंडाने घ्यायची, आणि अॅड्रेनलिनची पकड जिथे बसते नेमकी तिथेच ती सोडवणारी. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. पूर्वी गंभीर दंश झालेल्या दर तीन-चार जणांमागे एक दगावत असे. प्राझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरल्याचं त्यांच्या नोंदी सांगतात.

पुढे विंचवाच्या विषावर प्रतिविष आलं. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडला ७० रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ३५ पैकी ८, दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२. २०११ मध्ये ते 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलं. २०२२ मध्ये हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

पण मला थांबवलं ते वेगळ्याच तपशिलाने. प्राझोसिन किती वेळा द्यायचं? दर तीन तासांनी. कुठवर? हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत, हातापायांवरच्या शिरा दिसू लागेपर्यंत. जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत पोचलेल्या उपचाराची अखेरची खूण डॉक्टरने रुग्णाच्या पायावर ठेवलेल्या हाताला कळते. रात्रभर आजीचा हात नेमक्या त्याच जागी होता.

०००

मी त्या वेळी घरी गेलो आणि आजीशेजारी बसलो. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. ऐकायला थोडं कमी येतं, पण त्या रात्रीचं विचारलं की एकेक गोष्ट लख्ख सांगते.

मी विचारलं, उलटी झाली होती का? "दोनदा. एकदा दंड्यात, एकदा माह्या लुगड्यावर." घाम? "असा, की जसं पान्यातून काढलं लेकरू." श्वास कसा होता? तिने तोंडाने आवाज करून दाखवला. भांड्यात पाणी खदखदावं तसा. तोंडाला फेस होता का, हे मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं.

बावस्करांच्या निबंधातला क्रम ती मला सांगत होती, त्याच क्रमाने. पन्नास वर्षं तिने तो जपला होता. सांगायला कुणी नव्हतं, कारण अशा प्रश्नांनी कुणी विचारलंच नव्हतं. आपण म्हाताऱ्या माणसांना "काय झालं होतं?" असं विचारतो आणि मग रडायला लागली की विषय बदलतो.

मी तिला सोप्या भाषेत समजावलं. विषाने नसा आवळतात, काळजावर ताण येतो, म्हणून पाय गार पडतात. पाय वरून चोळून गरम होत नाहीत, आतून नसा सुटाव्या लागतात. त्यासाठी आता गोळी आहे. सरकारी दवाखान्यात देतात. दिल्यावर रुग्णाला उठू देत नाहीत, कारण एकदम उभं राहिलं तर रक्तदाब उतरून चक्कर येते, म्हणून ती घरी आपल्या मनाने द्यायची नसते. विंचू चावला आणि घाम, उलटी, गार हातपाय यांतलं काही दिसलं, तर मंत्र नको, वाट बघणं नको, सरळ दवाखाना.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "थे गोयी तवा होती का?"

मी मनात साल मोजलं. काका गेला १९७४ मध्ये. बावस्कर बिरवाडीला पोचले १९७६ मध्ये. निबंध १९८६ मध्ये.

"नाही आजी. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनासुद्धा."

"अकोल्यालेबी?"

"अकोल्यालाही नाही. मुंबईलाही नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. दारापुढून शाळेची पोरं गेली, एकाने उगाच आमचं फाटक वाजवलं. मग ती म्हणाली, "मले वाटे, म्या सुंठ कमी चोयली."

एवढी वर्षं तिच्या त्या एका वाक्यात आम्हाला दुःख ऐकू येत होतं. त्यात हा हिशेबही होता, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. माझ्या वडिलांनाही नाही. त्या रात्री ते तीन वर्षांचे होते आणि शेजारच्या खोलीत झोपले होते.

ती अजूनही ते वाक्य बोलते. फक्त परवा माझ्या मुलीला ताप आला, तेव्हा तिने आधी तिच्या कपाळाला हात लावला नाही. पायथ्याशी बसून तळपाय हातात घेतले, जरा वेळ धरून ठेवले आणि माझ्या बायकोला म्हणाली, "गरम हायेत. भेवू नको."