भिवंडीची पेठ आणि सार्वजनिक स्वच्छता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पेठेचा इतिहास लिहिताना भाव, वखारी, गलबते आणि सावकारी यांचाच विचार बहुधा होतो. पेठ कोण झाडीत असे, सांडपाणी कोठे जाई, नासका माल कोठे टाकला जाई, या प्रश्नांना त्यात स्थान मिळत नाही. ज्या पेठेवर आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या चरितार्थ चालविला, तिचे आरोग्य हाही आपल्या इतिहासाचाच भाग होय. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही या उपेक्षित विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधीत आहोत.

सार्वजनिक स्वच्छतेची कल्पना पाश्चात्त्यांकडून आली, असा एक समज आहे. तो पूर्णतः खरा नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्रात रस्त्यावर केर टाकणारास एक अष्टमांश पण, व चिखलपाणी तुंबविणारास पाव पण दंड सांगितला असून, राजमार्गावर हाच अपराध घडल्यास दंड दुप्पट होतो. दुर्गंधी सुटलेले किंवा आपोआप मेलेल्या जनावराचे मांस विकण्यासही त्यात मनाई आहे. म्हणजे रस्ता हा कोणाचाच नाही असे नसून तो सर्वांचा आहे, आणि तो बिघडविणारा हा सर्वांचा अपराधी आहे, हे तत्त्व आपल्याकडे प्राचीन काळीच मांडले गेले होते.

आता भिवंडीकडे वळू. कामवारी नदी व खाडी यांच्या आश्रयाने वाढलेले हे गाव १६५७ साली कल्याणबरोबर शिवछत्रपतींच्या ताब्यात आले, हे सर्वश्रुत आहे. पुढे इंग्रजी अमलात भात सडणे हा येथील प्रमुख धंदा झाला आणि तांदूळ, सुकी मासळी, कापड, गवत व लाकूड यांचा मोठा व्यापार चाले. या मालाचे स्वरूप पाहिले, तर पेठेतील केराचेही स्वरूप ध्यानी येते. भाताचा तूस जळणास जाई, कोंडा गुरांच्या दाणीत पडे, शेणाच्या गोवऱ्या होत, भाजीचा पाला शेळ्यांच्या मुखी लागे. कोरड्या केराला असा धनी मिळे. खरी अडचण ओल्याची होती. मासळीचे पाणी, नासलेला माल आणि पावसाळ्यात तुंबलेला चिखल यांना धनी नव्हता.

या ठिकाणी आपल्या समाजरचनेतील एक वैगुण्य स्पष्टपणे मांडणे प्राप्त आहे. पहाटे उठून दुकान झाडावे, उंबऱ्यावर पाणी शिंपडावे, गादीपाशी उदबत्ती लावावी, हा व्यापाऱ्याचा नित्यनेम. परंतु झाडलेला केर उंबऱ्याबाहेर गेला की नेम संपला. सोवळे घरापुरते आणि दुकानापुरते राहिले. बाहेरचा केर उचलण्याचे काम विशिष्ट जातींच्या माथी मारले गेले. मुंबईत तर या कामाच्या खर्चासाठी बसविलेल्या कराचे नावच ‘हलालखोर कर’ असे होते. ज्यांच्या हातांनी पेठा स्वच्छ होत, त्यांनाच पुष्कळ ठिकाणी दुकानाच्या पायरीपासून दूर उभे राहून माल घ्यावा लागे. सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्य गणलेल्यांस खुल्या करण्याचा ठराव १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला, आणि १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. डोक्यावरून मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध मात्र १९९३ व पुन्हा २०१३ साली कायदे करावे लागले. ही वर्षे विसरण्यासारखी नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंडईच्या नव्या इमारती उभ्या राहू लागल्या. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाची मंडई १८६९ साली पूर्ण झाली. दगडी फरशी, उंच छत, खेळती हवा आणि फळे, भाजी, मांस व मासळी यांस निरनिराळ्या जागा, ही तिची वैशिष्ट्ये होत. पुण्यास १८८६ साली रे मार्केट उभे राहिले. नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा जोतीराव फुले यांनी या इमारतीवरील खर्चास विरोध केला होता. लोकशिक्षण आधी, असा त्यांचा आग्रह होता. पुढे त्याच मंडईस त्यांचे नाव दिले गेले. फरशी धुता येते, पण ती धुतलेली राहावी यासाठी शिक्षणच लागते, हा अर्थ या नामकरणातून कोणी काढल्यास आम्ही तो चुकीचा मानणार नाही.

इमारतीने सर्व साधत नाही, हे १८९६ सालच्या प्लेगाने दाखविले. साथीचा पहिला मोठा तडाखा मुंबईच्या मांडवी भागास, म्हणजे धान्याच्या वखारींच्या वस्तीस बसला. रोग घाणीच्या वाफेतून येतो या समजुतीने गटारे धुतली गेली, घरांना चुना लावला गेला. परंतु १८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरील पिसवांकडे बोट दाखविले, आणि १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या संशोधन मंडळाने ते सिद्ध केले. सांडलेला दाणा, त्यावर येणारा उंदीर, त्याच्या अंगावरची पिसू आणि शेवटी माणूस, अशी ती साखळी होती. तांदळाच्या प्रत्येक पेठेने लक्षात ठेवावा असा हा धडा आहे.

भिवंडीची नगरपालिका १८६५ साली स्थापन झाली. गावास पाणी आणण्याचे काम येथील रहिवाशांच्या वर्गणीतून आणि सरकार व नगरपालिका यांच्या साहाय्याने झाले, ही गोष्ट या नगरीस भूषणावह आहे. पाण्यासाठी जातिधर्म बाजूस सारून गाव एक होऊ शकले. येणाऱ्या पाण्यासाठी जी एकी दिसली, ती जाणाऱ्या पाण्यासाठी व केरासाठी का दिसू नये, हाच आमचा प्रश्न आहे.

आज भिवंडीत महानगरपालिका आहे, भाताच्या जागी यंत्रमागांचा खडखडाट आहे, आणि २०१६ च्या नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले आहे. तथापि केराचे स्वरूप पालटले. प्लॅस्टिकला ना शेळी खाते, ना चूल मागते. म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती एवढीच की, आपल्या दुकानाची हद्द उंबऱ्याशी न मानता समोरच्या गटारापर्यंत मानावी, ओला माल निराळा ठेवावा, आणि केर उचलणाऱ्या कामगारास नावाने हाक मारून हातमोजे व पिण्याचे पाणी द्यावे. पूर्वजांनी पेठ वसविली. ती निर्मळ राखणे हे आपणा सर्वांचे काम आहे.