रंग ओढणाऱ्या कोळशाची कुळकथा

विट्याच्या यंत्रमागावरून उतरतं ते ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कापड. त्याने नदी रंगत नाही. ती रंगते कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसच्या हौदातून. सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह रंगाचा काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच जोडला जातो आणि तो मग कापडाला कधीच धरत नाही. पाण्यातून तो काढण्याचा जुना, खात्रीचा उपाय म्हणजे कोळसा.

या उपायाचं मूळ कापडधंद्यात नाही. सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोविट्झ यांना 1785 मध्ये दिसलं, की कोळशाची पूड टाकली की तपकिरी द्रावण नितळ होतं. 1811 मध्ये फ्रान्सच्या फिग्ये यांनी हाडांचा कोळसा लाकडी कोळशापेक्षा सरस असल्याचं दाखवलं आणि लवकरच तो साखर पांढरी करण्याच्या कामी लागला. कोळशाला मोठा धंदा मिळाला तो साखरेने. हे उसाच्या सांगली-साताऱ्याने तरी विसरू नये. 1900 च्या सुमारास ओस्ट्रेइको यांनी लालबुंद कोळशावर वाफ सोडून त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं पाडण्याची पेटंटं घेतली. अशा एका ग्रॅम ‘सक्रिय’ कोळशात हजार चौरस मीटर पृष्ठभाग सहज मावतो.

पण छिद्रं अरुंद आणि रिॲक्टिव्ह रंगाचे रेणू मोठे. बरेचसे दारातच अडतात. म्हणून कार्बनच्या नव्या पिढीकडे लक्ष गेलं. 1991 मध्ये सुमिओ इइजिमा यांनी कार्बनच्या नॅनोनळ्यांची रचना उलगडली. 2004 मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्राफाइट सोलत ग्राफीन वेगळं केलं. अशा नॅनोकार्बनचा पृष्ठभाग उघडाच असतो.

प्रयोगशाळेत बहुतेकदा मिथिलीन ब्लू घेतात. निळ्याशार पाण्यात चिमूटभर ग्राफीन ऑक्साइड (ग्राफीनचं ऑक्सिजनयुक्त रूप) टाकून ढवळा, गाळा, पाणी नितळ. कारण हा रंग धनभारित, ग्राफीन ऑक्साइड ऋणभारित. कापडाचे रिॲक्टिव्ह रंग मात्र ऋणभारित असतात, आणि तेच ग्राफीन ऑक्साइड त्यांना दूर लोटतं! पृष्ठभागावर अमाइन गट बसवले, तर ते जवळ येतात. शिवाय हौदात मीठ आणि सोडा असतो. मीठ कोळशाने निघत नाही. शोषलेला रंगही नष्ट होत नाही, फक्त जागा बदलतो. तो मोडण्याची एक वाट म्हणजे कार्बनला टायटॅनियम डायऑक्साइडची जोड आणि प्रकाश.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी उसाच्या चिपाडाचा सक्रिय कोळसा, आणि नॅनोकार्बन फक्त शेवटच्या टप्प्यावर. आणि आपल्या महाविद्यालयांतल्या संशोधकांना एकच विनंती: पुढचा प्रयोग मिथिलीन ब्लूवर नको, हौदातून भरून आणलेल्या कॅनवर करा.