साउथडेलचा चौक

पन्नास-साठच्या दशकांतल्या अमेरिकन शॉपिंग सेंटर्सचे रंगीत फोटो हल्ली लोक हळहळत बघतात. कारंजी, आत लावलेली झाडं, बाकावर निवांत बसलेली माणसं. ही हळहळ दुकानांसाठी आहे का? मला नाही वाटत.

मिनेसोटातल्या इडायना गावी १९५६ साली साउथडेल उघडलं. बाहेर बर्फ, आत बारमाही वसंत! मधल्या मोठ्या चौकात हॅरी बर्टोइयाची धातूची सोनेरी झाडं. वास्तुकार व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा, ज्यू. नाझी आले तेव्हा, १९३८ मध्ये, देश सोडून आलेला. गाडीतून उतरून माणसं भेटतील असा चौक त्याला अमेरिकन उपनगरात हवा होता. आराखड्यात भोवती घरं, शाळा, बाग, तळंसुद्धा होतं. पण या गावाचं बरंचसं कागदावरच राहिलं, आणि दुकानांभोवती पसरलं हजारो गाड्यांचं पार्किंग. पुढे देशभर नक्कल झाली ती याचीच. चौकही आक्रसत गेला. बसलेला माणूस खरेदी करत नाही ना!

ग्रुएन १९६८ मध्ये व्हिएन्नाला परतला. १९७८ साली लंडनच्या भाषणात तर, असल्या अनौरस पोरांची पोटगी मी देणार नाही, असं त्यानं साफ सांगून टाकलं.