शेवटच्या सीटवर कोण बसणार?

आमच्या घरी सध्या गाडीची चर्चा सुरू आहे. आई-बाबा, आत्या, आम्ही दोघं आणि दोन पोट्टे, अशी सात डोकी. तीन रांगांची गाडी पाहिजे यावर एकमत आहे. मागच्या रविवारी शोरूमला गेलो. सगळे पुढे बसून स्क्रीन बघत होते, मागची सीट कोणी उघडूनही पाहिली नाही. बाबा म्हणाले, "मांगं काय, पोट्टे बसतीन." तेव्हा आत्या एवढंच बोलली, "मी बी मांगंच बसली होती ना."

1990 च्या दशकातली गोष्ट. आर्वीहून लग्न आटपून आमची माणसं भाड्याच्या जीपने रात्री परत येत होती. रस्त्यात रोही आडवा आला, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. मागच्या आडव्या सीटवर आत्या होती. धरायला काही नाही, बेल्ट तर नाहीच. तिचा उजवा हात आजही पूर्ण वर जात नाही.

ही आडवी सीट आपल्या घरात आली कुठून? जीप मुळात लढाईची गाडी. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि ती सरकारी खात्यांमधून आपल्या तालुक्यांत आली. साहेब पुढे, शिपाई आणि सामान मागे. मागच्या दोन बाकड्यांवर कुटुंब बसेल, हा हिशेब तेव्हा कोणी केलाच नव्हता.

तो हिशेब आपण केला. जिथं एसटी दिवसातून दोनदा यायची, तिथं जीप आणि ट्रॅक्स धावू लागल्या. काळी-पिवळीत किती माणसं बसतात, याचं उत्तर "अजून एक" हेच असायचं. 2021-22 च्या एसटी संपात ते दिवस आपण पुन्हा पाहिले.

1994 मध्ये टेल्कोची सुमो आली. कंपनीचे माजी अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नावावरून हे नाव पडलं. 2000 मध्ये बोलेरो आली. कापसाचे पैसे बरे आलेल्या कास्तकाराच्या अंगणात याच गाड्या दिसू लागल्या. लग्न असो, शेगावची वारी असो, की रात्री कोणाला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं असो, गावाला आधार त्याच गाडीचा. तो उपकार विसरता येत नाही. पण शेवटची बाकडी तशीच समोरासमोर राहिली आणि तिथं बसणारेही तेच राहिले: लेकरं, बाया, म्हाताऱ्या.

पुढे 2005 ला इनोव्हा, 2012 ला एर्टिगा आली, आणि मध्यमवर्गाच्या गाडीत शेवटच्या रांगेचं तोंड रस्त्याकडे वळलं. तरी आजही काही मॉडेलमध्ये ती आडवीच मिळते.

आता रस्ताही बदललाय. डिसेंबर 2022 पासून आपण समृद्धीवरून शिर्डीला जातो. तिथं कारला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. आत्याची जीप त्याच्या निम्म्यानंही धावत नसेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ब नुसार बेल्ट न लावलेले प्रवासी नेले, तर 1000 रुपये दंड आहे. 14 वर्षांखालच्या लेकरासाठी तर वेगळी तरतूद आहे. पण दंडाचं सोडा. पोट्टे आपलेच आहेत.

म्हणून मित्रांनो, सनरूफ नंतर बघा. आधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला शेवटच्या सीटवर चढून बसायला सांगा. गुडघे कुठं येतात, डोक्यामागं टेका आहे का, प्रत्येकाला तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट आहे का, ते बघा. तिन्ही रांगा भरल्यावर बॅगा कुठं ठेवणार, तेही विचारा. सेल्समन घाई करीन, करू द्या.

येत्या रविवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी मागं आधी बाबा बसतील, असं आत्यानं ठरवलंय.

तुमच्या गावात पहिली मोठी गाडी कोणाकडे आली आणि तिच्यात मागं कोण बसायचं, जरूर लिहा.