दिवाळीनंतरचा धनगरवाडा

माणदेशातला धनगरवाडा म्हणजे उघड्या माळावरची मोजकी घरे आणि मेंढरांचे वाडगे. आटपाडीचा हा मुलूख औंध संस्थानातला. 1939 मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली. तिच्यामागे गांधीजी व मॉरिस फ्रीडमन होते, आणि पाया होता निवडलेली गावपंचायत. पण दिवाळी सरली की चाऱ्यासाठी कळप निघतात, त्यांच्यामागे कर्ती माणसेही. मग पंचायत भरायची कुणाची? व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त गावकरी अंगमेहनतीने तालीम उभारतात, आणि दुष्काळात तेच गाव उठते. कादंबरीच ती, तरी घटनेतल्या स्थिर गावापेक्षा मला ते खरे वाटते. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. आज औंध साताऱ्यात, आटपाडी सांगलीत.