कुमारवाचक आणि न्यायबुद्धी

अस्पृश्यतेसारखा प्रश्न कुमारवाचकापुढे कसा मांडावा, याची दोन भिन्न उत्तरे भारतीय साहित्यात सुमारे सात दशकांच्या अंतराने आढळतात. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये (१९३५) आई श्यामला एका वृद्ध महार स्त्रीच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यास सांगते आणि नंतर स्नान करण्यासही सांगते. करुणा आणि रूढी येथे शेजारी नांदतात. या विसंगतीचा निवाडा आईच्या वत्सल अधिकारातच होतो.

इंग्रजीतील भारतीय कुमारसाहित्याने २००० नंतर हा अधिकार बाजूला सारलेला दिसतो. पारो आनंद यांच्या 'नो गन्स ॲट माय सन्स फ्यूनरल' (२००५) या कादंबरीतील, दहशतवादाकडे ओढला जाणारा काश्मिरी आफताब कोणाच्याही उपदेशाने सावरत नाही. कांचा इलैया यांच्या 'टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड' (२००७) या वैचारिक पुस्तकात चर्मकार, कुंभार, परीट, न्हावी यांचे श्रम हेच ज्ञान मानले आहे. कातडे कमावणे ही रसायनविद्या ठरते. 'भीमायन' (२०११) या चित्रकथेत बाल भीमरावांचा १९०१ मधील गोरेगावचा प्रवास परधान गोंड चित्रशैलीत येतो. आरक्षणाविषयी तक्रार करणाऱ्या आजच्या तरुणाला तो ऐकवला जातो.

येथे कळवळा पुरेसा नाही. वाचकाला स्वतःचे सामाजिक स्थानही तपासावे लागते. या ग्रंथांच्या सान्निध्यात मोळीचा प्रसंग पुन्हा वाचणारा कुमार श्यामच्या आईचा आदर राखूनही विचारू शकतो: मग स्नान कशासाठी?