थळ घाटातील धूर : कसारा लोहमार्गाच्या विद्युतीकरणाचा पर्यावरणीय इतिहास

प्रस्तावना :

इंधनावर चालणारे यंत्र काढून त्याच्या जागी विजेचे यंत्र आणले की प्रदूषण घटते, हे मत आज सर्वमान्य झाले आहे. मोटारी, पंप, इतकेच नव्हे तर बागेतील गवत कापण्याची यंत्रेही याच न्यायाने बदलली जात आहेत. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात असा बदल सुमारे शंभर वर्षांपूर्वीच घडून गेला. शेजारच्या मुरबाड तालुक्यातून लोहमार्ग गेला नाही. त्यामुळे आगगाडीचा धूर आणि त्याचे नाहीसे होणे, हे दोन्ही अनुभव शहापूरच्याच वाट्यास आले.

वाफेचा काळ :

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग 1855 मध्ये वासिंदपर्यंत, 1861 मध्ये कसाऱ्यापर्यंत आणि 1865 मध्ये घाट चढून इगतपुरीपर्यंत पोहोचला. या घाटाचा चढ 37 फुटांस एक फूट इतका तीव्र असल्याने गाडीस जादा इंजिन जोडावे लागे. वाफेच्या इंजिनात कोळशाच्या उष्णतेचा शेकडा दहाहूनही कमी भाग प्रत्यक्ष ओढीच्या कामी येतो. उरलेली उष्णता काजळीसह धुराड्यातून बाहेर पडते. बोगद्यात हा धूर कोंडत असे आणि त्याचा पहिला मारा चालक व आगवाला यांच्यावर होई.

मुंबई इलाख्यात 1912 साली धूर-उपद्रवाविरुद्ध कायदा झाला, तो मुख्यतः मुंबई शहरातील भट्ट्या डोळ्यांसमोर ठेवून. घाटातील धुराची दखल घ्यावी असे त्या वेळच्या राज्यकर्त्यांस वाटले नाही, यात नवल नाही.

विद्युतीकरण व त्याचे हेतू :

3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर देशातील पहिली विजेची गाडी धावली. 1930 पर्यंत 1500 व्होल्ट दाबाच्या तारा कसारा घाट ओलांडून इगतपुरीस पोहोचल्या. मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंड व इंग्लंड येथे बांधलेली, 2600 अश्वशक्तीची इंजिने आली. त्यांना रेल्वे कामगारांत ‘खेकडा’ हे नाव पडले. त्यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केलेले आहे.

या खर्चामागे स्वच्छ हवेचा विचार प्रधान होता असे मानणे इतिहासास धरून होणार नाही. घाटात खोळंबणारी वाहतूक, दूरच्या खाणींतून आणाव्या लागणाऱ्या कोळशाचा खर्च आणि मुंबईची वाढती गर्दी ही खरी कारणे होत. धूर गेला तो ओघाने.

चोळा वीजगृह :

तो गेला कोठे, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. टाटांची खोपोली (1915) व भिवपुरी (1922) येथील जलविद्युत केंद्रे तेव्हा चालू होती. तरीही रेल्वेने आपल्या मुख्य मार्गांसाठी ठाकुर्लीजवळ चोळा येथे स्वतःचे वीजगृह उभारले आणि ते कोळशावर चालणारे होते. म्हणजे कसाऱ्याचा धूर सुमारे सत्तर किलोमीटर खाली, ठाकुर्लीच्या वस्तीकडे उतरला.

हा केवळ धुराचा स्थानबदल होता, असे म्हणणेही अन्यायाचे ठरेल. मोठ्या बाष्पकात तेवढ्याच कोळशापासून अधिक काम मिळते. उंच धुराड्यामुळे काजळी विरळ होते आणि बोगद्यातील कोंडमारा तर पूर्णपणे संपला. लाभ खरा होता. त्याची वाटणी विषम होती. इगतपुरीपुढे वाफेचेच इंजिन लागत असल्याने नाशिकच्या बाजूस पुढील काही दशके धूर कायम राहिला. ज्या आटगाव-खर्डीवरून विजेच्या तारा गेल्या, त्या परिसरातील पाड्यांवर स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ रॉकेलची चिमणीच जळत होती. तारा होत्या त्या गाडीसाठी, गावासाठी नव्हत्या.

चोळा वीजगृह 1980 च्या दशकात बंद पडले. पुढे 2016 पर्यंत मुंबई विभागातील 1500 व्होल्टची जुनी पद्धतही संपून 25,000 व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह सर्वत्र आला. महाराष्ट्राच्या वीजनिर्मितीत कोळशाचा वाटा मात्र आजही सर्वांत मोठा असून, त्यासाठीची प्रमुख धुराडी चंद्रपूर व कोराडी येथे, कसाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर उभी आहेत.